आधी गोळे, मग वल्हं

३ एप्रिल १९६८
क्रेमोना

क्लबाचा इतिहास मीच लिहायचा, असं सभेत ठरलं. पंचाहत्तर वर्षं होताहेत. निघताना अध्यक्ष लेआर्को कानाशी पुटपुटला, "ओत्तोरिनो, वल्हेवाल्यांचं नाव वर राहू दे. नाहीतर शेड गेलीच समज."

बोच्चेवाल्यांना, म्हणजे मैदानात गोळे फेकून खेळणाऱ्यांना, होड्यांची शेड हवी आहे — हिवाळ्यात गोळे फेकायला छप्पर! वल्हवणारे आम्ही उरलो नऊ, ते एकशेचाळीस. मे महिन्यात मतदान.

४ एप्रिल

पहिलं वाक्य जमलं: "या क्लबाला पो नदीनेच जन्म दिला." फक्कड.

११ एप्रिल

बोच्चेवाल्यांची प्रमुख नीवेस बाजारात भेटली. मासे निवडत होती.

"आमच्यावर किती पानं?"

"पोहण्यावर चार, टेनिसवर तीन. तुमच्यावर अर्धं."

"बरं केलंस. या वयात जास्त वाचवत नाही."

हिला राग येत नाही, याचाच मला राग येतो.

२६ एप्रिल

एका संस्थापकाच्या नातीने सभावृत्तांताची पहिली वही दिली. घरी येऊन वाचून काढली.

क्लब काढला अकरा जणांनी — बोच्चे खेळायला! पुरात मैदान वाहून गेलं, म्हणून नवं केलं पलीकडच्या काठावर, दारूच्या गुत्त्याशेजारी. पूल लांब, म्हणून दोन होड्या घेतल्या. परतताना एका रविवारी शर्यत लागली, हरेल त्याने वाईन पाजायची. झालं. हेच आमचं थोर नौकानयन.

वही कपाटात कोंबली.

२८ एप्रिल

पहिलं वाक्य खोडलं. दोन दिवस लागले.

९ मे

मतदानाआधी वही सगळ्यांसमोर वाचली. लेआर्को माझ्याकडे बघेना. बोच्चेवाले टेबलं बडवायला लागले.

नीवेस उठली. "म्हणजे त्या होड्या आपल्याच आजोबांनी घेतलेल्या. आपल्या घरच्या वस्तू पावसात टाकायच्या का?"

मग एकेक हात वर झाला. शेड होड्यांचीच राहिली.

बाहेर तिला विचारलं, "छपराचं काय?"

"अंगावर कोट घालू. पण तू ती वही दाबशील असं वाटलं होतं मला."

"दाबली होती. दोन दिवस."

पोट धरून हसली.

१६ मे

सकाळी सहाला नीवेस घाटावर हजर. वल्हवायचं शिकव म्हणाली. माझी बायको आदा गेल्यापासून सात वर्षं मी एकट्याचीच होडी काढतो. आज दोघांची काढली.