पूजेतला पाना

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

डिचोली,
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळदास यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चवथीला आम्ही कोरगावला आलो नाही, त्याची रुखरुख अजून जात नाही बघ. जन्मात पहिल्यांदा माहेरच्या गणपतीपुढे, माटोळीखाली, मी नव्हते. पण ह्यांना दम इतका लागत होता की दारापुढच्या बलकांवापासून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसायचे. खाणीवर काटाघरात बसून आयुष्यभर धूळ खाल्ली, ती आता छातीतून बाहेर यायचं नाव घेत नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र उतार आहे. काल सकाळी पाववाल्या पोदेराला हाक मारून स्वतः पाव घेतले आणि सुटे पैसे नाहीत म्हणून त्याच्याशी भांडले. म्हणजे बरे आहेत.

गौरवी हसते मला. म्हणते, आई, आजकाल पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याच्या कानांनी दावा साधलाय ते लिहितं. ते मशीन कानात घातलं की नुसती शिट्टी वाजते. फोनवर तुझा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. त्यापेक्षा तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर बरं.

ह्यांचा तुला निरोप आहे. म्हणतात, बँकेतून सुटल्यापासून गोकुळ आबांच्या जुन्या फियाट टॅक्सीखाली झोपतोय, आता तिथेच त्याला उशी नेऊन द्या, पण ती काळी गाडी काही माझ्या दारात यायची नाही. दसऱ्याला आणलीस तर तुला उभ्या रस्त्यात साष्टांग नमस्कार घालणार आहेत. मला ठाऊक आहे, चेष्टेच्या आड त्यांची खरी इच्छा आहे. आमच्या लग्नाच्या वरातीत नवरीशेजारी बसायला लाजले आणि पुढे गाडी चालवणाऱ्या आपल्या आबांच्या बाजूला जाऊन बसले होते, आठवतं? तुम्ही पोरं किती हसलात! आता म्हणतात, एकदा तसंच पुढे बसून मयेच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. दुसरं काही मागत नाहीत रे. औषधसुद्धा मागत नाहीत.

सुलोचनेला आशीर्वाद. आहे ती माया राहू दे.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

कोरगाव, पेडणे,
ता. १९ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास गोकुळचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

भावोजींना सांग, अंगणातली जागा झाडून ठेवा आणि साष्टांगाला चटई घाला. काळी बोलली! सोमवारी चोक ओढला, दोनदा खोकली, आणि मग असा धूर सोडला की शेजारच्या सुदेशच्या कोंबड्या फणसावर चढल्या. सुदेश धावत आला, त्याला वाटलं घराला आग लागली. सुलोचना जनेलातून बघत होती. म्हणाली, माझ्या माहेरच्यांनी तुम्हाला बघितलं तेव्हा ही सवत दाखवली असती तर मी बांद्याहून आलेच नसते. माझ्या शर्टांना पेट्रोलचा वास येतो म्हणून ते वेगळे धुते.

अक्का, तुला काय सांगू, आबा गेल्यावर इतकी वर्षं झावळ्यांखाली पडलेली गाडी, आणि इंजिन फिरलं तेव्हा आबा आत बसून घसा खाकरतायत असंच वाटलं मला. मी तिथेच खाली बसलो. रडलो म्हण ना.

आता ब्रेक राहिलेत. चाकांतली रबरं कुजून चिकट झाली होती, ती कोल्हापूरहून मागवली. ब्रेकचं तेल नेणारा एक पायप गंजून चाळण झाला होता, तो म्हापशाला नवीन वाकवून घेतोय. हँडब्रेकची केबल मात्र कुठे मिळत नाही. जुनीच ताणून बसवली आहे, तेवढी मनात खटकते. पण ब्रेक पुरता झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणार नाही, हा शब्द. भावोजी काही उसाची मोळी नव्हेत.

तुमची प्रकृती कळवत जा. धाकट्यावर लोभ आहेच, तो या गाडीपेक्षा जास्त टिको.

तुझा
गोकुळ


॥ श्री ॥

डिचोली,
ता. २५ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळदास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं, मला ऐकू येत नाही हे विसरून. मग हातात दिलं. कोंबड्यांचं वाचून इतके हसले की खोकला लागला आणि गौरवी माझ्यावरच रागावली. वरातीतला तो शर्ट शोधून काढायला लावलाय. पोटावर बसत नाही, तरी तोच घालायचा आहे. हट्टाला औषध नाही.

दसऱ्याला दुपारच्या पानावर ये. काकडीची गोड तवसळी करीन आणि तुला आवडतं ते भाज्यांचं खतखतं. जेवण व्हायच्या आधी ह्यांना मयेची फेरी मारून आण, नंतर झोप येते त्यांना.

एक मात्र विसरू नकोस. खंडेनवमीला आबांचे गाडीचे पाने देवीपुढे मांड, आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. तू भारी घाईचा, म्हणून लिहिते. आबा या बाबतीत किती कडक होते! अष्टमीला मी आणि आई अंगणात बसून ते पाने चिंच लावून घासायचो, हात काळेनिळे व्हायचे. ज्या हत्यारावर घर जेवतं त्याला एक दिवस विश्रांती नको? गाडी त्यांच्या आशीर्वादाने चालू झाली आहे, तेव्हा त्यांचं हे एवढं पाळ.

वाट बघते. माया राहू दे.

अक्का


कोरगाव,
ता. १४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

काय लिहू. गाडी मी चालवत होतो. मयेच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि भावोजी गेले. मी राहिलो. नुसता हात मोडून राहिलो.

पोलिसांना मी सांगितलं आहे की चूक माझी. काम अर्धं होतं हे मला ठाऊक होतं. शिक्षा होईल ती होवो.

बाराव्याला मी बलकांवात बसलो होतो. गौरवीने चहा आणून दिला, तो प्यायलो, त्याचीही मला लाज वाटते. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. बघावंस असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

पोलिसांनी गाडी सोडली की परस्पर भंगारात घालणार. पाने नदीत टाकीन.

गोकुळ


कोरगाव,
ता. १५ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संस सुलोचनेचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर पदरात घ्या. हे लिहितेय ते ह्यांना ठाऊक नाही. ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं मी पोस्टात टाकलं, त्यात माझं नाव नसणार हे मला माहीत आहे. म्हणून मी लिहिते.

खंडेनवमीला सकाळी मी देवघरापुढे पाट मांडला, सगळे पाने पुसून ठेवले, हळदकुंकू लावलं. हे मागच्या बाजूला गाडीखालीच. चाकाकडे जाणारा तो नवीन पायप तेव्हा बसवत होते. बसवून झाला, त्याचा नट हाताने जमेल तेवढा फिरवला, आणि पाना घ्यायला आत आले. पाटाकडे हात नेला तसा मी तो धरला. म्हटलं, देवीपुढला पाना आज उचलू नकात, उद्या उत्तरपूजा झाली की घ्या. वन्संनी पण तेच लिहिलंय. थोडे रागावले. सुदेशकडे दुसरा पाना मागायला गेले, तर त्याचेही पूजेत. त्या दिवशी कोणाकडे मिळणार? परत आले आणि म्हणाले, बरं, उद्या.

उद्या म्हणजे दसरा. भटजींना दहा घरं, ते दुपारशिवाय येणार नव्हते. आणि ह्यांना तुमच्याकडे जेवणाच्या पानावर पोचायचं होतं. मी गाडीला झेंडूचा हार बांधला, बोनेटवरून आडवा, इतका घट्ट की तो तोडल्याशिवाय बोनेट उघडून तेल बघता येऊ नये. चाकांखाली लिंबं ठेवली. हे बसले, ब्रेक दाबून बघितला, म्हणाले धरतोय. चेहरा असा फुलला होता की नटाचं मलाही आठवलं नाही. लिंबं चिरडून गाडी गेली आणि मी मेली हात जोडून उभी राहिले.

मग भटजी आले, उत्तरपूजा झाली. मी पाने पाटावरून उचलून कपड्यात बांधत होते तेव्हा गौरवीचा फोन आला.

वन्सं, मी हात धरला नसता तर नट आवळला गेला असता, तेल गळलं नसतं, भावोजी असते. ह्यांच्या तोंडून ते येत नाही. एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. दोघंही घरात असतो, पेज करते, ती तशीच राहते. हे बाहेर जाऊन गाडी उभी असायची त्या रिकाम्या जागेकडे बघत बसतात. परवा म्हणाले, आता अक्का भाऊबीजेला बोलवणार नाही. तेवढं एकच वाक्य दिवसभरात.

मी काय तोंडाने मागू? पण मागते. त्यांना बोलवा. शिव्या घाला, मारा, पण बोलवा. नाहीतर हा माणूस माझ्या हाती राहायचा नाही. मला नका बोलवू.

तुमची
सुलोचना


डिचोली,
ता. १९ ऑक्टोबर २०२५

गोकुळदास,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी सुलोचनेचंही आलं. हो, तिने लिहिलं. त्यावरून तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

मला तुझा राग येतो. स्पष्टच सांगते, मनात ठेवून मला जगता येणार नाही. सकाळी चहा ठेवताना येतो, दोन कप काढले जातात तेव्हा येतो. त्या दिवशी मी पानं मांडून बसले होते. खतखतं निवलं म्हणून पुन्हा चुलीवर ठेवलं. फाटकाशी माणसं जमली, ओरडत होती, तर मला ऐकूच आलं नाही. मी आपली पानावर मीठ वाढत होते. गौरवीने खांदे धरून वळवलं तेव्हा कळलं. तू शब्द दिला होतास, ब्रेक पुरता झाल्याशिवाय फाटकाबाहेर काढणार नाही. तो शब्द तू मोडलास. एका हारापायी, एका पान्यापायी, आणि मला खूश करण्यापायी मोडलास.

आता माझं ऐक. बाराव्याला भटजींनी तांब्या मागितला, तो घासायला मी आत चिंच शोधत होते. चिंचेचा गोळा हातात घेतला आणि मला आबांचे पाने आठवले. अष्टमीला आम्ही ते घासायचो, ते गंजाने लाल झालेले असायचे. अरे, रोजच्या हातातल्या पान्यावर गंज चढतो का? आबांची टॅक्सी नवमीलाही चालायची. बाळंतिणीला म्हापशाला न्यायचं असलं तर ते नवमी बघत नव्हते. पूजेला ते जुने, टाकलेले पाने ठेवायचे, आणि चालते पाने सीटखाली गोणपाटात असायचे. मी त्याच गोणपाटावर बसून शाळेत जायची. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तुला मी लिहिलं की एकालाही हात लावायचा नाही. आबा कडक नव्हते रे. कडक मी निघाले.

तेव्हा सुलोचनेला सांग, तिने फक्त तुझा हात धरला. तो धरायला मी सांगितलं होतं. मला तिच्यावर राग नाही. तिला जेवायला घाल. स्वतःच्या हाताने घाल, एक हात चालतोय ना तुझा?

एक गोष्ट तुला ठाऊक नाही ती सांगते. दसऱ्याला फेरीला निघण्याआधी तू हात धुवायला आत गेलास तेव्हा ह्यांनी मला अंगणात बोलावलं. इंजिन चालूच होतं, पण मला कुठलं ऐकू येणार. तर त्यांनी माझा तळवा धरून बोनेटवर ठेवला, तुमच्या त्या हाराच्या बाजूला. सबंध पत्रा थरथरत होता. ते हसत होते आणि काहीतरी बोलत होते. काय बोलले ते मला कळलं नाही. आता कोणाला विचारू?

काळी भंगारात घालायची नाही. पाने नदीत टाकायचे नाहीत. तसं केलंस की तू मोकळा होशील, आणि तुला मोकळा सोडायची माझी तयारी नाही. गाडी परत आण, हात बरा झाला की तिच्याखाली जा. पत्रा ठोकून सरळ कर, काच बसव. हँडब्रेकची केबल मिळत नाही हे पुन्हा ऐकायचं नाही मला, मिळेपर्यंत शोध. एकेक नट पान्याने आवळ. पुढच्या खंडेनवमीला गंजके पाने काढून सुलोचनेकडून चिंचेने घासून घे आणि तेच देवीपुढे ठेव. बाकीचे सीटखाली.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. घरात वर्षभर सण नाही, म्हणून भाऊ का आला नाही असं मला कोणी विचारणार नाही. पुढच्या वर्षी विचारतील. काळी पुरती झालेली असली तर तेव्हा तिला दारात आण, सुलोचनेला शेजारी बसवून. मी तुला ओवाळीन की नाही, हे आज सांगता येत नाही, आणि खोटं लिहायचं नाही. बाहेर येऊन बोनेटवर हात ठेवीन, तेवढं नक्की.

पत्राच्या शेवटी मी दरवेळी माया राहू दे असं लिहिते. आज लिहायला घेतलं, पण हात पुढे गेला नाही. खाली तेवढी जागा कोरी सोडली आहे.



अक्का