पंधरा वॉटचं यंत्र

प्रिय दर्यावर्दी,

फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊकच आहे. तू विचारतोस, मशीन चालू आहे ना, मी म्हणते, चालू आहे, मग तुझा आवाज तुटतो आणि आपल्या लेकीचं, चिमणीचं, सांगायचं राहूनच जातं. तुमच्या बोटीवर रुजू होणारा वेल्डर आज आमच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात पंखा घेऊन आला होता, परवा निघतोय म्हणाला. त्याच्या हाती हे देतेय. चांगलं लांबलचक लिहिणार आहे. इंजिनाशेजारी बसून वाच, नाहीतरी तिथे तुला दुसरं काही ऐकू येत नाही.

जाताना तू दारात म्हणाला होतास, मशीन डिजिटल नाणी काढून पगाराइतकं देऊ लागलं की बोट सोडली. आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून गेलास, सगळ्यात वेगवान असेल ते घे. घेतलं बाई. जुनं होतं, एका गोदामवाल्याने काढून टाकलेलं. सुरू केलं मात्र, घरातून विमान उडतंय असं वाटलं. स्वयंपाकघरातला दिवा मंदावला. वरच्या मजल्यावरचे मास्तर चपला न घालताच खाली आले, त्यांना वाटलं पाण्याचा पंप जळतोय. मी मीटर लावला तर तीन हजार वॉटच्या वर! आपलं अख्खं घर मिळून एवढं खात नाही. संध्याकाळच्या आत ते गोदामवाल्याच्या दारात नेऊन ठेवलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण घेतलं. इथपर्यंतची कथा तुला माहीत आहे.

पुढची नाही. त्यानंतर मी तुझी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि माझ्या पद्धतीने शोधायला लागले. वीस वर्षं मोटारींच्या तारा गुंडाळतेय, मला वेगाचं काय कौतुक? प्रत्येक विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, एका वॉटमागे हे किती काम करतं? आणि तेही कागदावरचं नको, भिंतीतल्या प्लगपाशी मोजलेलं सांगा. एकाला तर वाटलं मी वीज कंपनीतून तपासणीला आलेय. शेवटी सापडलं ते तळहातावर मावेल एवढं, एकच चिप, वर इवलासा पंखा, पुढे बोटभर पडदा. पंधरा वॉट. आपल्या बाथरूममधला जुना बल्बसुद्धा याहून खादाड आहे. किंमतही अशी, की घेताना दोनदा विचार करावा लागला नाही.

आता हस, पण एकदाच. ते यंत्र पाच व्होल्टचं. मी खणातून एक अडॅप्टर काढला, पिन तंतोतंत बसली, बटण दाबलं. अडॅप्टर बारा व्होल्टचा होता. एक बारीकसा टक् आवाज, आणि मग जळल्याचा तो वास, जो मला झोपेतही ओळखता येतो. पिन बसते म्हणून लावू नका, आधी व्होल्ट वाचा, असं म्हणत मी किती जणांना फैलावर घेतलंय! मला हे काम शिकवणाऱ्या आमच्या दुकानाच्या उस्तादांनी ऐकलं तेव्हा ते नुसता चष्मा काढून पुसत बसले. ते जास्त लागलं. त्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस तेव्हाही मी चालू आहे म्हणाले होते. खोटं होतं ते. दुसरं यंत्र आठ दिवसांनी आलं.

हे मात्र खरंच चालू आहे. खिडकीजवळच्या फळीवर, चिमणीच्या वह्यांच्या शेजारी. आवाज म्हणशील तर कुणीतरी शांत झोपलंय एवढाच. चिमणीने त्याचं नाव गोगलगाय ठेवलंय. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पडदा वाचते आणि मला दुकानात फोन करून कळवते, आई, गोगलगाय आज छप्पन अंशांवर आहे, तिला वारा घालू का? मलाही तिचा लळा लागलाय, खोटं कशाला बोलू. जगभरातली लाखो धिप्पाड यंत्रं एकच कोडं सोडवून ती नाणी मिळवायला धावताहेत आणि त्यात आमचंही एक गुपचूप चालतंय, हे मला फार आवडतं. आम्ही एका गटात सामील झालोय. ज्याने जेवढं काम केलं तेवढा त्याचा वाटा.

आमचा वाटा असा, की स्वतःची वीज भागवून महिन्याला साबणाची एक वडी येते. सुवासिक नव्हे, कपड्यांची. तुझ्या पगाराची बरोबरी करायची तर पलंगाखाली, माळ्यावर, मास्तरांच्या घरातसुद्धा गोगलगायी ठेवाव्या लागतील आणि तरी पुरणार नाहीत. मोठी यंत्रं घेतली तर जे मिळेल ते वीजच खाईल. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण चालू आहे म्हटलं की तुझा आवाज खुलायचा. आणि मला भीती होती, की खरं कळलं तर तू आणखी एक करार करशील, आणि मग आणखी एक.

म्हणून हे पत्र. उस्तादांचा हात आता थरथरतो, बारीक तार धरवत नाही. पहिल्या तारखेपासून ते दुकान माझ्या हवाली करताहेत. काम भरपूर आहे. गुंडाळायला मी आहे, पण पंपाच्या मोठ्या मोटारी उघडायला, बेअरिंग बसवायला मला माणूस लागणार, आणि इंजिनं उघडण्यात तुझा हात धरणारं मी तरी कुणी पाहिलेलं नाही. पगाराइतकं लगेच मिळणार नाही, तेही आताच सांगते. चिमणी नऊ वर्षांची झाली. त्यातले तू घरी होतास ते सगळे दिवस जोडले तर तीन वर्षंही भरत नाहीत. पुढच्या बंदरावर बोटवाले नव्या कराराचे कागद पुढे करतील. सही करू नकोस. कुठलंतरी यंत्र तुला सोडवून आणेल म्हणून आता मी थांबणार नाही. मला तू घरी हवा आहेस. मी सरळ मागतेय.

तुझीच,
वाइंडरबाई