आपोआप मेलेली त्रेचाळीस झाडं

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न., वि. वि.

जिथे अठरा वर्षांत कोणी करवत नेली नाही, तिथली झाडं करवत चाललेल्या प्लॉटांइतकी जाड कशी झाली? तीन आठवडे हा प्रश्न डोक्यावर घेऊन नाचते आहे आणि उत्तर मला येत नाही. पण काय मजा आहे बाबा. शाळेत उत्तर आलं नाही की तुम्ही कान पिळायचात, इथे त्याच गोष्टीसाठी विद्यापीठ मला टेबल-खुर्ची देतं.

कॅम्पवर फोन लागत नाही, म्हणून कंपनीच्या लाकडाच्या ट्रकबरोबर पत्र पाठवते. विद्यापीठ आणि कंपनी यांनी मिळून सुरू केलेला तो पाइनच्या झाडांचा प्रयोग आठवतो ना? तुम्ही मुकादम असताना ज्या झाडांवर पिवळे पट्टे रंगवलेत, तोच. आठ प्लॉट. त्यातल्या सातांत विरळणी करायची, म्हणजे वाकडी, मरतुकडी झाडं काढून बाकीच्यांना जागा द्यायची. हे तुम्हांला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. फक्त सात नंबरच्या प्लॉटला हात लावायचा नाही, म्हणजे विरळणीने किती फरक पडतो ते कळेल. असा आणखी एक प्लॉट होता, तो तिसऱ्याच वर्षी वादळात आडवा झाला.

आणि आता बघा गंमत. सात नंबरची झाडं कोणाच्याही मागे नाहीत. ओढ्याकडच्या एका जुन्या, छान सपाट खुंटावर बसून मी आकडे लिहिते आणि पुन्हा पुन्हा टेप लावते. आकडे तेच.

कंपनीचे साहेब खूश आहेत. विरळणीशिवायच झाडं वाढत असतील तर ती करायची कशाला, असं ते म्हणतात. तीस तारखेच्या बैठकीत मी निष्कर्ष वाचायचा, माझा पहिला शोधनिबंध छापायला जायचा आणि साहेब मला कायमच्या नोकरीचं पत्र देणार. आपल्या घरात पदवी पहिली माझी, आता ही नोकरीही. वाईट एवढंच वाटतं की विरळणीच्या चारही टोळ्या मोडतील, तुमची जुनी टोळीसुद्धा. पण जे खरं ते खरं, हे तुम्हीच शिकवलंत.

लोभ असू द्यावा, झाडाच्या घेरासारखा छातीच्या उंचीवर मोजलात तरी कमी भरू नये इतका.
तुमची,
खारुताई

९ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईने दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा चष्मा लावून स्वतः वाचलं. कोंबड्याने शेजाऱ्यांच्या छपरावर मुक्काम हलवला आहे, आरवतो मात्र आपल्याच नावाने, त्यामुळे बोलणी आम्ही खातो. माझा गुडघा बरा आहे.

नोकरीचं वाचून छाती फुगली. टोळीचं वाचून खाली बसली.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर जमीन चांगली असेल. ओढा जवळ आहे, ओलावा राहतो. झाडं आपल्या मनाने वाढतात, शिकलेल्या लोकांना एवढी साधी गोष्ट सुचत नाही. तू फार खोलात शिरू नकोस, डोळे जातील.

ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक दुबेळक्याचं झाड आहे, ज्याचा एक फाटा मी, म्हणजे वाऱ्याने, तोडला. ते आता कसं आहे? सहज विचारलं.

जेवण वेळेवर घेत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून ठेव.
तुझे बाबा

१० मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

माझी चौथीची अक्षरं, लागतील तशी वाच. तुझ्या बाबांना न सांगता लिहिते आहे. ते अंगणात उगीचच करवतीला धार लावत बसले आहेत.

वारा मी पुष्कळ पाहिला, पण रविवारी दुपारी डबा बांधून जाणारा वारा एकच पाहिला. तुझे बाबा. ओढ्यावर मासे धरायला जातो म्हणायचे आणि पिशवीतून करवत न्यायचे. अठरा वर्षांत एक मासा घरी आला नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाहेर काही भानगड आहे. एकदा मागोमाग गेले, तर हा माणूस झाडाच्या बुंध्याशी बोलत उभा. म्हटलं, एवढीच सवत असेल तर असू दे.

तुमच्या त्या सात नंबरमध्ये किती झाडं गेली ते मला माहीत नाही, पण जमिनीत हात घालून बघ. आणि त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचं काम माझं आहे, ते मी करते.

माया कमी करू नकोस आणि केस विंचरत जा.
आई

१७ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार आज उभ्यानेच घ्या. दोन दिवस गुडघ्यांवर रांगते आहे, आणखी वाकवत नाही.

वाऱ्याने एकेचाळीस झाडं करवतीने कापली, बाबा. अगदी जमिनीलगत. वर माती, मातीवर पाचोळा, पाहुणे यायच्या आधी आई फाटक्या सतरंजीवर चादर पसरते तसा. खुरप्याने एकेक खुंट उघडा करत गेले आणि एकटीच हसत सुटले. कॅम्पच्या स्वयंपाक्याला वाटलं मला ऊन लागलं, त्याने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

आता माझी फजिती ऐका. ठरलेल्या वीस झाडांचा घेर दरवर्षी मोजतात, बाकीची नुसती मोजून सोडतात. नोंदवहीत कमी झालेल्या सत्तेचाळीस झाडांपुढे माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी एकच शेरा लिहिलाय, 'आपोआप मेले'. दाट रानात काही झाडं आपोआप मरतात असं पुस्तकात आहे, म्हणून खाली वाकून कोणी पाहिलंच नाही. शेवटच्या चार शेऱ्यांचं अक्षर माझं आहे. मुकादमाची मुलगी मी, आणि मला खुंट ओळखता आला नाही.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. सात नंबरला हात लागलाय, तोही सगळ्या प्लॉटांत उत्तम हात. विरळणी नको असं तो प्लॉट म्हणतच नाही, उलट तिची जाहिरात करतो. हे बैठकीत बोलले तर टोळ्या वाचतील, पण माझा निबंध जाईल, नोकरी बहुधा जाईल आणि तुमचं नाव चारचौघांत निघेल. नाही बोलले तर सगळे मला पेढ्यासारखं हातात घेतील. मला एवढंच सांगा, एकूण किती आणि का?

माया पातळ करू नये, विरळणी फक्त झाडांची.
खारू

२२ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

तुझ्या आईने फितुरी केली हे कळलं. तिने कबूलही केलं, वर मलाच मासे कुठे आहेत म्हणून विचारलं.

त्रेचाळीस. बाकीची चार खरंच आपोआप मेली, त्यांचा आळ माझ्यावर नको. तुला दोन खुंट सापडले नाहीत. एक मोठ्या दगडाच्या मागे आहे. दुसऱ्यावर बसून मी डबा खायचो, म्हणून तो जरा उंच ठेवला आणि तासून सपाट केला. तू त्याच्यावर बसून आकडे लिहितेस.

का म्हणून विचारलंस. मला सांगितलं होतं, सात नंबरला हात लावू नका. का लावायचा नाही ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, मुकादमाने साहेबाला का विचारायची पद्धत नव्हती. तो प्लॉट रस्त्याला लागून. येणारा-जाणारा म्हणायचा, मुकादम, हे काय, झोपलात का? चांगलं झाड डोळ्यांसमोर गुदमरतंय आणि आपण हात बांधून उभं राहायचं, हे मला जमलं नाही. कामाच्या वेळेत कधी गेलो नाही, एवढं मात्र लिहून ठेव.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. गप्प बसलो. मुलगी तिथे लागते आहे आणि बापाचा उद्योग बाहेर यायचा, असं वाटलं. पण परवा टोळीतला पैलवान भेटला, मुलगी काय म्हणते म्हणाला, तर गुडघ्याचं काहीतरी सांगून मी सटकलो. इतकी वर्षं त्याच्याबरोबर करवतीचं दुसरं टोक धरलं.

तू ठरव. मी टोळीचाही आहे आणि तुझाही, काटा माझ्या हातात सरळ राहणार नाही. फक्त माझं नाव घ्यायची वेळ आली तर मुकादम म्हण, आरोपी म्हणू नकोस.

आमचा लोभ ठरलेला आहे, निकाल काही लागो.
बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न., आज मात्र पुरता, गुडघे टेकून.

सांगितलं. बैठकीच्या आदल्या दिवशी विद्यापीठातल्या आमच्या मार्गदर्शक बाईंना सगळं दाखवलं, त्रेचाळीस खुंटांसकट. बाई सपाट खुंटावर बसल्या आणि नोंदवही पहिल्या पानापासून चाळू लागल्या. पहिला शेरा त्यांनीच लिहिलेला, विद्यार्थिनी असताना. मग म्हणाल्या, सात नंबर प्रयोगातून गुपचूप वगळता येईल, कारण विचारणारं कोणी नाही. मी म्हटलं, गुपचूप वगळण्यात आमच्या घरी एक माणूस आधीच तरबेज आहे, दुसरं नको. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तूच वाच.

वाचलं. साहेब आधी लालबुंद झाले. अठरा वर्षं कंपनीच्या एका माणसाने प्रयोग बिघडवला, असं म्हणाले. मी म्हटलं, हात लावू नका एवढंच आपण त्याला सांगितलं, का ते सांगितलं नाही, आणि ज्याचं आयुष्य झाडं राखण्यात गेलं त्याने ती राखली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच विचारलं, करवत कोणती होती? वर्षातून कितीदा? कोणतं झाड काढायचं हे मुकादम कसं ठरवायचे? ते आता तुम्हालाच विचारायला येणार आहेत, तेव्हा कोंबड्याला घरी आणून ठेवा.

विरळणी बंद करायचा ठराव बारगळला. चारही टोळ्या तशाच. पैलवानाला तुम्हीच सांगा, मला रडू येईल. माझ्या नोकरीचं पत्र साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात परत ठेवलं, मी बघत होते. निबंधही मागे घेतला. बाईंनी आणखी चार वर्षं विद्यार्थिनी म्हणून ठेवून घेतलंय, त्याच टेबल-खुर्चीवर. मला वाईट वाटायला हवं, पण काल दिवसभर मी शीळ घालत होते आणि स्वयंपाकी तांब्या घेऊन मागे मागे.

माया आहे तशी राहू द्यावी, वर्षागणिक एखादं वलय चढलं तर हरकत नाही.
तुमची,
खारू

ता. क. हात न लावलेला प्लॉट नव्याने लागणारच होता. कालच मी नऊ नंबर आखला, कॅम्पच्या कुंपणाला लागून, आणि पाटी लावली. तिच्यावर लिहिलंय: 'इथे हात लावू नये. ही झाडं मदतीशिवाय किती वाढतात ते पाहून बाकीच्यांना मदत किती करायची ते ठरणार आहे. गुदमरणारं झाड दिसलं तर वाईट वाटून घ्यावं आणि पुढे जावं.' खाली बारीक अक्षरांत, 'रविवारीसुद्धा.' चार खिळे ठोकलेत, लांब.