अण्णा, शेंडा तू नेलास!

अण्णा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुला जाऊन तीन आठवडे झाले. रडून झालं, आता राग आलाय. काल वहिनीला भेटायला जांबोटीला तुमच्या शेतावरच्या घरी गेले आणि घरामागचं ते झाड पाहिलं. इतक्या वर्षांत तू मला तिकडं कधी नेलंच नव्हतंस.

दुमजली उंच, सरळसोट, थरांवर थर फांद्यांचे! मी विचारलं, "ख्रिसमस ट्री? इथं?"

वहिनी भोळेपणानं म्हणाली, "तुझ्याच बागेतलं की गं! ह्यांनीच आणलं शेंडा तोडून, पिशवीतनं. नुसती फांदी लावली तर झाड आडवंच पसरतंय म्हणं."

आणि हे तुला कुणी शिकवलं होतं? मीच ना!

निवृत्त झाले त्या वर्षी कॉलनीच्या बागेत ते रोप मी लावलं. माझ्या डोक्याहून उंच झालं तेव्हा किती मिरवले होते! आणि एका सकाळी शेंडा गायब. आता त्याला दोन शेंडे आहेत, दोन्ही वाकडे. जो येतो तो विचारतो, ह्याला काय झालं?

मागितला असतास तर मी दिला नसता, हे खरं. म्हणून चोरायचा?

बरं, चोरलास. पण मारुती माळ्याचं काय? बागेच्या समितीत त्याला उभं करून मी काय काय बोलले! "कात्री तुझ्याच हातात असते!" तो हात जोडून म्हणत होता, "बाई, शेंड्याला मी हात लावलो न्हाय ओ." तू माझ्या शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत होतास. वर मलाच म्हणालास, "जाऊ दे गं, झाडच आहे."

झाडच? माणसाची नोकरी गेली, अण्णा! माझ्या तोंडानं गेली आणि तुझ्या गप्प बसण्यानं.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, चूक कबूल केली की झोप चांगली लागते. तुला इतकी वर्षं कशी लागत होती रे?

रविवारी बागेत तुझी शोकसभा आहे. फलकावर 'वृक्षप्रेमी' लिहून झालंय आणि बोलायला मलाच सांगितलंय. बोलणारच आहे. शेंडा कुणी तोडला, ते सगळ्यांसमोर सांगणार. पण त्याआधी मारुतीच्या दारात जाणार. तो आत घेईल की नाही, माहीत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून माफी मागेन. माझ्यापुरती.

तुझ्या वतीनं मागणार नाही.

नाइलाजानं अजून तुझीच,
सुमी