ब्रेक पॅडचे दोन डबे

अप्पा, काल मी कोपरीला जाऊन गाडीचे ब्रेक पॅड घेऊन आले. तुमच्या नातीला जुन्नरजवळच्या दवाखान्यात नोकरी लागलीय. दर शनिवारी ती एकटी गाडी घेऊन माळशेज घाट उतरून डोंबिवलीला येते, आणि गेल्या खेपेला म्हणाली, आई, ब्रेक दाबला की खरखर होते. आमच्या मेकॅनिकने चाक खोलून दाखवलं, पुढचे पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेले. लोकल टाकू की भारीतले टाकू, असं त्याने विचारलं आणि मी, गॅरेजवाल्याची मुलगी, पॅड मीच आणून देते म्हणाले. उत्तर तर ओठांवर होतं. पैसे डब्याचे घेतात, आत माल तोच असतो, हे तुमचं वाक्य आपल्या घरात इतकं चालायचं की आई साडीच्या दुकानातसुद्धा ते ऐकवायची. मामाने फ्रीज घेताना ते म्हटलं, ताईने मुलाचा क्लास निवडताना म्हटलं. मला एकटीला ते कधी म्हणता आलं नाही, कारण ते तुमच्या तोंडी कुठून आलं, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी दहा वर्षांची होईपर्यंत तुम्ही अगदी उलट बोलायचात. ब्रेकमध्ये काटकसर करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचात, हॉर्न बिघडला तर खिडकीतून ओरडता येईल, ब्रेक बिघडल्यावर काय करणार? चांगले पॅड तुम्ही एकाच माणसाकडून आणायचात, कोपरीच्या काकांकडून. ते आले की मानपाड्याच्या आपल्या शेडमध्ये दोन कटिंग चहा जास्त यायचे आणि काम अर्धा तास थांबायचं. माझ्यासाठी ते खोडरबर आणायचे, दरवेळी खोडरबरच, कारण त्यांच्या दुकानाशेजारी स्टेशनरीवाला होता. त्यांच्या मालाचा डबा तुम्ही कधी उघडून पाहत नव्हता, एवढा विश्वास.

त्या वर्षीचा दसरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. पाने, जॅक, हातोडे सगळे रॉकेलने पुसून फळीवर मांडलेत, झेंडू वाहिलाय, आणि आता दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या, डॉक्टरांच्या गाडीसाठी काकांनी दिलेले नवे पॅडही तुम्ही काढून शेजारी ठेवलेत, त्यांचीही पूजा व्हावी म्हणून. कुंकवाची बोटं ओढायचं काम माझं. तुम्ही बाहेर गाड्यांना हार घालताय. कुंकू कालवायला पाणी हवं आणि नळ रस्त्यापलीकडे, मला कंटाळा आला. समोर ऑइलचा कॅन होता. मी त्यातच कुंकू कालवलं आणि चारही पॅडच्या काळ्या, डिस्कवर घासणाऱ्या बाजूंवर छान जाड बोटं ओढली. ओघळ यायला लागले तशी घाबरले, तिथल्याच तेलकट फडक्याने लाल रंग पुसून काढला आणि पॅड डब्यात भरून ठेवले. पॅडला तेल लागलं की ते धरत नाहीत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. रात्रभर ते तेल पीत पडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते बसवलेत, गल्लीत फेरी मारून पाहिलीत, ब्रेक लागले. दोन दिवसांनी शहाडच्या पुलाच्या उतारावर पॅड गरम झाले आणि डॉक्टरांची गाडी पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळली. त्यांच्या बायकोच्या कपाळाला टाके पडले. डॉक्टर शेडमध्ये येऊन सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. पॅड काढलेत तर ते जळून काळे, चकचकीत झालेले. तेलाचा वास तुम्हाला आला नाही याचं मला पुढे कित्येक वर्षं नवल वाटायचं, पण आपल्याकडे वास येत नव्हता कशाला? आपल्या भातालासुद्धा यायचा. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, चहा तसाच निवत होता, आणि आईला म्हणालात, "त्याने मला डुप्लिकेट माल दिला. मला." मी तिथेच पाढे लिहीत बसले होते. तो दुसरा 'मला' ऐकताना मला तो ऑइलचा कॅन आठवला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाढे लिहीत राहिले.

जळके पॅड तुम्ही पोऱ्याकरवी कोपरीला परत पाठवलेत. काका दोनदा आले. पहिल्यांदा तुम्ही गाडीखालून बाहेरच आला नाहीत. दुसऱ्यांदा आईने दारातूनच सांगितलं की घरी नाहीत, आणि तुम्ही आत होतात. त्यानंतर तुम्ही जन्मभर लोकल पॅड वापरलेत, ते वाक्य जन्मभर म्हणालात, आणि माझ्या लग्नाची पत्रिका कोपरीला गेली नाही. नंतर नंतर तर मला वाटायला लागलं, आता सांगून काय होणार, तुम्हाला उगीच त्रास. स्वतःच्या भित्रेपणाला माणूस किती छान नावं शोधतो.

काल ते दुकानात होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, मुलगा बघतो सगळं, हे नुसते सकाळचे येऊन बसतात. मी गाडीचं नाव सांगितलं, मुलाने काउंटरवर दोन डबे ठेवले, एक स्वस्त आणि एक त्याच्या दुपटीहून महाग. काका इतका वेळ माझ्याकडे बघत होते.

"तू मानपाड्याची ना गं? गॅरेजवाल्याची?"

मी हो म्हटलं. गाडी कोण चालवतं, कुठे जाते, त्यांनी विचारून घेतलं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तो स्वस्तातलाही चालतो म्हणाले, तोही वाईट नसतो. पण दर आठवड्याला घाट उतरायचा, पाय सारखा ब्रेकवर, तर हाच घे, आणि भारीचा डबा पुढे सरकवला. मग डब्यावरचा हात तसाच ठेवून म्हणाले, "तुझ्या बापाला मी खोटा माल दिला नव्हता. ते पॅड मी कंपनीला पाठवलेले. ओरिजिनल आहेत, असं त्यांचं पत्र आलेलं. तेच दाखवायला आलेलो मी. तो कधी काही बोलला का तुमच्याकडे?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुलगा मागे काहीतरी शोधत होता. इतकी सोयीची वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. मी म्हटलं, "नाही काका, काही बोलले नाहीत." त्यांनी मान हलवली, हात उचलला आणि मुलाला बिल करायला सांगितलं.

पॅड आज सकाळी बसवून झाले. तुमच्या वाक्याच्या विरुद्ध जाऊन मी महागाचे घेतले आणि शनिवारी पोरगी निवांत घाट उतरेल, त्याबद्दल मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तुम्ही एका चांगल्या मित्रावरचा राग घेऊनच जग सोडून गेलात, आणि तो राग माझ्या बोटांनी लावलेला होता. हे तुम्हाला आता सांगितलं खरं, पण फार मोठं काही केलं असं समजू नका. लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत 'काका' असं लिहिलं होतं. ते खोडून 'अप्पा' केलं, कारण तुम्ही वाचणार नाही.