दहापैकी सात

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या मनातल्या मनातच). तुझा मोतिबिंदू पिकला, की डॉक्टर अजून पुढचीच तारीख देतायत? भावोजींचा खोकला कसा आहे? मी खाऊनपिऊन सुखी आहे, असं लिहून इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

या परदेशी कंपनीचं आपल्या देशातलं हे पहिलंच दुकान, आणि त्यात पडदे विभागात मी, हे तू अभिमानाने सगळ्यांना सांगतेस. आता जरा हळू सांग. इथे खरेदी झाली की गिऱ्हाईकापुढे चिठ्ठी ठेवायची आणि त्याने मला दहापैकी गुण द्यायचे, अशी पद्धत आहे. मला सगळे सात देतात. परवा एक निवृत्त हेडमास्तर आले. चार खोल्यांचे पडदे मी त्यांना दोन तास उजेडात धरून दाखवले. जाताना डोळ्यांत पाणी आणून त्यांनी हात जोडले आणि चिठ्ठीवर लिहिलं : सात, प्रगती समाधानकारक. (पूर्ण गुण दिले की पोरी बिघडतात, असंही म्हणाले. पोरगी अठ्ठावन्न वर्षांची!) आणि ताई, मी हरखले गं. आपल्या शाळेतल्या सिस्टरनी मला निबंधात एकदाच सात दिले होते, तर आईने तो कागद वर्षभर उशीखाली ठेवला होता.

पण कंपनीच्या देशात सात म्हणजे नापास. आमचे साहेब (तिकडून आलेत, स्वभावाने गरीब) म्हणाले, “मॅडम, लोक तुमच्यावर इतके का चिडलेत?” मी म्हटलं, “चिडलेले नाहीत हो, हे आमचं प्रेमच आहे.” त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला हसण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे वरचे आठ दात दिसतील असं हसायला शिकवतात. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी मला हळूच लवंग आणून दिली आणि चिठ्ठीवर लिहिलं : दाढ दुखत असूनही काम करतात. सात.

महिनाअखेर सरासरी नऊच्या खाली राहिली तर नारळ मिळणार. या वयात मला दुसरं कोण घेणार? आणि घरी बसून ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे किती बघायचं?

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : शनिवारी तुझ्या वाचनालयातल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन ये. प्रत्येकीने निदान पडद्याची एक कडी घ्यावी आणि डोळे मिटून दहा द्यावेत. (मागच्या खेपेचे साडेसहा तुझेच, अक्षरावरून ओळखले. रागावले नाही. झालर वाकडी होतीच.)

ता. क. २ : आत्ताच साहेबांनी शेवटची संधी म्हणून एक कागद दिला. आपले गुण आपणच भरायचे, ते सरासरीत दहा चिठ्ठ्यांइतके धरणार. मी अर्धा तास विचार केला, सिस्टर आठवल्या, आणि सहा लिहिले.