मोटर शांत झाली

३ जून, खारगा
आलो एकदाचा इजिप्तच्या वाळवंटातल्या या गावात. घरून, तांता शहरातून निघताना आई रडली, मला मात्र उड्या माराव्याशा वाटत होत्या. पाणी उपसा केंद्राचा मी एकटा इंजिनीअर. जुना मेस्त्री, उस्ता वहदान, स्वतः उतरवून घ्यायला आला. बॅग उचलून, इंजिनीअरला द्यायचा मान देत म्हणाला, बाशमुहंदिस, यात पुस्तकं असतील तर परत पाठव, आमच्या मोटरीला वाचता येत नाही. मग ताअमियाचे गरम वडे आणि पाकासारखा गोड चहा. माणूस आवडला.

५ जून
अख्ख्या गावाला पाणी देणारी मोटर एकच. तिचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह गेल्या वर्षी बसवला, तेव्हापासून दर दोन महिन्यांनी बेअरिंग जातं. आज एक कापून पाहिलं. गोळ्या फिरतात त्या कडीवर सारख्या अंतराने आडव्या रेघा. मला लगेच कळलं. ड्राइव्हमुळे मोटरीच्या फिरत्या दांड्यात वीज साठते आणि बेअरिंगमधून ठिणग्या पाडत जमिनीत उतरते.

वहदानची तपासणी वेगळी. मूठ निघालेला लांब पेचकस तो मोटरीला टेकवतो, दुसरं टोक कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून ऐकतो. मी मीटर दाखवला तर म्हणाला, उद्या बायकोचं दुखणंही यातच बघशील. सगळे हसले, मीही.

१८ जून
वीज आत न घेणारी, लेप दिलेली बेअरिंगं आली. दांडा जमिनीशी जोडणारा ब्रशही मागवला होता, तो कैरोतच अडकला. मी थांबलो नाही. बेअरिंगं बसवली आणि मोटर शांत झाली. केंद्रप्रमुखांनी बोकड कापला, दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांनी मोटरीवर रक्ताचे पंजे उमटवले. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

२९ जून
मोटरीच्या अंगावर काही ऐकू येत नाही म्हणून वहदान आता पेचकस थेट फिरत्या दांड्याच्या टोकाला लावतो. दिवसातून दहादा. गोड मुंग्या येतात म्हणे. मी ओरडलो. तो म्हणाला, बेटा, तीस वर्षं मोटरींची दुखणी ऐकली, आता ही माझं ऐकते.

४ जुलै
वहदानचा गुडघा घुमतो. बेअरिंग मरायला लागलं की येतो, तोच आवाज. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, असं कधी पाहिलं नाही. मी पाहिलंय. हाडाच्या गोल टोकावर आडव्या रेघा, सारख्या अंतराने.

६ जुलै
विजेची वाट मी बंद केली, तिने दुसरी शोधली. ब्रश येईपर्यंत थांबायला हवं होतं. पेचकस काढून घेतला तर वहदान उघड्या हाताने दांड्याकडे धावला. चौघांनी धरलं. केंद्रप्रमुखांना म्हटलं, मोटर बंद करा. ते म्हणाले, या उन्हात गावाला काय पाजू, तुझं डोकं?

८ जुलै
वहदान गेला. छातीचे सांधे जाम झाले, श्वासच घेता येईना. मय्यतीला आंघोळ घालताना खांदा वळवला की तो घुमायचा. आंघोळ घालणारे पळून गेले. शेवटी मीच घातली. नळाच्या पाण्याने.

९ जुलै
माझं मनगट. सकाळपासून. मी दांड्याला कधीच हात लावला नाही, मग —

दांडा पंपाला जोडलेला आहे. पंप पाण्यात.

१० जुलै
भट्टीपुढे रोटीची रांग. कोणी बोलत नव्हतं. तरी आवाज येत होता — बायांच्या गुडघ्यांतून, पोरांच्या. एक म्हातारी मला म्हणाली, हवा बदलली असेल रे.

मला भीती वाटते. मोटर बंद करायला निघालोय.

दुपार
माणसं जेवायला गेलीत. मोटरघराच्या उंबऱ्यात गुडघे जाम झाले — पडलोय. बटण सहा हातांवर. हाका मारल्या. जबडाही आता —

फक्त हा हात चालतो. ज्याला ही वही सापडेल त्याने आधी मोटर बंद करावी. आणि तोवर नळाचं पाणी कोणीही —